रेणूंची पेटी आणि तिच्या भिंती



इतिहास, साहित्य, अर्थकारण असल्या विषयांवर अधिकाराने बोलणारी मंडळी या व्यासपीठावर दरवर्षी येऊन जातात. त्यांच्या मानाने माझा विषय रुक्ष आहे याची मला जाणीव आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा 'आंतरपृष्ठांच्या रेणवीय अनुकरणातील सीमाजन्य आभास' असे मी कळविले. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. ते म्हणाले, "विषय उत्तम आहे, पण फलकावर मावत नाही, शिवाय लोक बिचकतील." मग आजचे नाव ठरले. नाव सोपे झाले, विषय तोच राहिला. तो सोपा करून सांगण्याची जबाबदारी आता माझी.

वक्त्यासमोर पाण्याचा पेला ठेवण्याची आपल्याकडे चांगली चाल आहे. या पेल्याचा उपयोग मी पिण्याआधी दाखविण्यासाठी करणार आहे. खाली पाणी आहे, वर हवा आहे. पाणी कोठे संपते आणि हवा कोठे सुरू होते? डोळ्यांना तेथे एक रेघ दिसते. रेणूच्या मापाने पाहिले तर तो एक पट्टा आहे. पण इतका अरुंद की त्यात पाण्याचे दोन-चार रेणूच काय ते एकावर एक मावतील. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले म्हणजे त्यातल्या एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. या पट्ट्याची जाडी एका नॅनोमीटरच्या आसपासचीच. दोन पदार्थ, किंवा एकाच पदार्थाच्या दोन अवस्था, जेथे एकमेकांना भेटतात त्या पट्ट्याला शास्त्रज्ञ आंतरपृष्ठ म्हणतात.

पट्टा अरुंद असला तरी जगातल्या पुष्कळशा घडामोडी तेथेच होतात. साबणाने तेलकटपणा निघतो तो तेल आणि पाणी यांच्या सीमेवर. औषध पेशीत शिरते ते पेशीभोवतीच्या पातळ पापुद्र्यातून. आपल्या खिशातल्या फोनची बॅटरी चालते ती घन आणि द्रव यांच्या सीमेवर. तेव्हा या सीमेवर रेणू काय करतात हे समजून घेण्याची निकड आहे. आणि इतक्या अरुंद जागी उपकरणाने डोकावणे मात्र फार कठीण आहे. म्हणून गेल्या काही दशकांत माणसाने दुसरी वाट धरली. रेणूंचे नाटक संगणकात उभे करावयाचे आणि ते पाहावयाचे. याला अनुकरण किंवा सिम्युलेशन म्हणतात.

या नाटकाची रीत मोठी सरळ आहे. संगणकाला सांगावयाचे की अमुक इतके रेणू अमुक जागी आहेत. ते एकमेकांना अमुक नियमाने ओढतात आणि अमुक नियमाने ढकलतात. मग न्यूटनच्या गतिनियमांप्रमाणे प्रत्येक रेणू पुढच्या क्षणी कोठे असेल ते काढावयाचे. तो क्षण मात्र अतिशय लहान घ्यावा लागतो. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यातील एक-दोन भागांएवढे एक पाऊल. अशी दहा लाख पावले टाकली म्हणजे कोठे सेकंदाच्या अब्जांशाची कथा पुरी होते. प्रत्येक पावलाला प्रत्येक रेणूवरची सगळी ओढाताण पुन्हा मोजावयाची.

आता अडचण पाहा. अठरा ग्रॅम पाण्यात, म्हणजे मोठ्या घोटभर पाण्यात, सहावर तेवीस शून्ये इतके रेणू असतात. एवढ्यांचा हिशेब ठेवणारा संगणक नाही आणि होण्याची चिन्हेही नाहीत. आपण सहसा काही हजार, काही लाख, मोठी यंत्रसामग्री मिळाली तर काही कोटी अणू घेतो. समजा, एक हजार रेणू घेतले आणि दहा लांब, दहा रुंद, दहा उंच असे घनाकार रचले. यातले किती रेणू बाहेरच्या पृष्ठावर येतात? आतला घन आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ५१२ रेणूंचा. उरलेले ४८८ पृष्ठावर! म्हणजे जवळजवळ निम्मे रेणू काठावर उभे आहेत. याउलट त्या घोटभर पाण्याचा घन केला, तर सुमारे एक कोटी चाळीस लाख रेणूंमागे एकच रेणू काठावर सापडेल. आपल्याला हवे आहे खरे पाणी, आणि हाती येतो एक थेंबुटा, ज्यातली निम्मी प्रजा सीमेवरच राहते. दहा लाख रेणू घेतले तरी सुमारे सहा टक्के काठावर उरतातच. बरे, पेटीला कडक भिंती घालाव्या, तर रेणू भिंतीशी रांगा लावून उभे राहतात आणि भिंतीचा परिणाम आतपर्यंत जातो.

यावर जी युक्ती निघाली ती समजण्यासाठी आपण केशकर्तनालयात जाऊ. समोर आरसा, पाठीमागे आरसा. खुर्चीत बसले की आपल्यापुढे आपली एक रांगच्या रांग दिसते. आत आत, लांबवर, न संपणारी. खोली दहा फुटांची, पण दिसावयाला अनंत. रेणूंच्या पेटीलाही शास्त्रज्ञांनी असेच अनंत केले. पेटीच्या उजवीकडे तीच पेटी, डावीकडे तीच, वर तीच, खाली तीच. एखादा रेणू उजव्या भिंतीतून बाहेर पडला की त्याच क्षणी डाव्या भिंतीतून आत येतो. भिंत उरलीच नाही. म्हणून काठही उरला नाही. आरशात डावे-उजवे उलटते, येथे तसे उलटत नाही, एवढाच फरक. छापील कापडावर एकच ठसा पुन्हा पुन्हा उठवावा तशी ही मांडणी आहे. तिला आवर्ती सीमा म्हणतात.

कल्पना जुनी आहे. स्फटिकातील अणूंच्या कंपनांचा विचार करताना माक्स बॉर्न आणि थिओडोर फॉन कारमान यांनी १९१२ साली तिचा उपयोग केला. १९५३ साली लॉस अलामॉस येथे मेट्रोपोलिस, रोझेनब्लूथ पतिपत्नी आणि टेलर पतिपत्नी यांनी 'मॅनिअ‍ॅक' नावाच्या संगणकावर २२४ चकत्यांचे गणित केले, तेही याच रीतीने. आणि १९६४ साली अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अनीसुर रहमान यांनी द्रवरूप आर्गॉन वायूच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर उलगडून दाखविली. हे रहमान १९२७ साली हैदराबादेत जन्मले, हे आपण येथे अभिमानाने आठवावयास हरकत नाही. पुढे १९७१ साली त्यांनी आणि फ्रँक स्टिलिंजर यांनी पाण्याचे रेणू घेतले; किती, तर २१६. सहा लांब, सहा रुंद, सहा उंच. पेटीची बाजू दोन नॅनोमीटरहूनही कमी! एवढ्याशा पेटीतून पाण्याचे अनेक गुण बऱ्यापैकी खरे निघाले. हे यश आवर्ती सीमेच्या युक्तीचे आहे, हे मी आरंभीच मान्य करतो. पुढे मी तिचे दोष सांगणार आहे, ते ऋण विसरून नव्हे.

दोष कोठे येतो? केशकर्तनालयातील गिऱ्हाईक कान खाजवील, तर रांगेतले सगळे कान खाजवतात. त्या रांगेला स्वतंत्र बुद्धी नाही. पेटीच्या बाहेर जे अनंत पाणी आपण दाखवितो, ते खरे शेजारी नव्हेत. ते आपणच आहोत. सगळीकडे सारखे असणाऱ्या पाण्यात हा दोष फारसा जाणवत नाही. पण आंतरपृष्ठ आले की गोष्ट बदलते. पाण्याचा थर मध्ये घ्यावयाचा, वर-खाली पोकळी ठेवावयाची, आणि ही पेटी सर्व दिशांनी पुन्हा पुन्हा मांडावयाची. म्हणजे पाणी, पोकळी, पाणी, पोकळी अशी न संपणारी चळत तयार होते. आपण एका पृष्ठाचा अभ्यास करावयास निघालो आणि हजारो पृष्ठे एकमेकांसमोर उभी करून बसलो. ती पृष्ठे एकमेकांशी बोलू लागली, तर आपण ते बोलणे निसर्गाचे समजतो.

याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका घन पत्र्यावर पाण्याचा थर बसवून त्याचे अनुकरण करीत होतो. खाली पत्रा, त्यावर पाणी, त्यावर पोकळी. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन भाराची आणि दुसरी किंचित ऋण भाराची असते. त्यामुळे पत्र्याजवळचे रेणू ठराविक दिशेला तोंड करून उभे राहतात. हे अपेक्षितच होते. पण आम्हाला असे दिसले की पत्र्यापासून तीन-चार नॅनोमीटर दूर असलेले रेणूही त्याच दिशेला थोडे कललेले आहेत. पत्र्याची शिस्त इतक्या दूरवर पोचते, ही बातमी मोठी होती. मला फार आनंद झाला. लेख लिहून एका नियतकालिकाकडे पाठविला. माझ्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधातील मुख्य प्रकरण याच निष्कर्षावर उभे राहणार होते.

त्या मुलीनेच एके दिवशी विचारले, "सर, वरची पोकळी वाढवून पाहिली तर?" खरे सांगतो, मला राग आला. पोकळीत रेणूच नाहीत. ती वाढवून काय होणार? शिवाय यंत्राचा वेळ आम्हाला मोजून मिळत असे. पण तिने दिवाळीच्या सुट्टीत, यंत्र मोकळे असताना, हिशेब करून पाहिला. पेटीची उंची दुप्पट केली तेव्हा दूरच्या रेणूंचा कल जवळजवळ निम्मा झाला. चौपट केली तेव्हा चौथा हिस्सा उरला. पत्रा तोच, पाणी तेच, ऊन-थंडी तीच. बदलली ती फक्त वरची रिकामी जागा. ज्या गोष्टीचे माप रिकाम्या जागेवर ठरते, ती पाण्याची असेल कशी?

असे का झाले, ते एका जिन्याच्या उदाहरणाने सांगतो. विद्युत्‌भारांची ओढ लांबवर पोचते. ती मध्येच तोडून चालत नाही. म्हणून पेटीच्या सगळ्या अनंत प्रतींमधील भारांची बेरीज करावी लागते. ती करण्याची सुरेख रीत पॉल एवाल्ड यांनी १९२१ साली स्फटिकांसाठी दिली आणि आजही तीच थोड्याफार फरकाने वापरली जाते. आता असे पाहा की आमच्या थराला खाली पत्रा आणि वर पोकळी होती. दोन बाजू सारख्या नव्हत्या. त्यामुळे थर ओलांडताना विद्युत्‌दाब एका ठिकाणी चढत होता, जणू जिन्याच्या काही पायऱ्या चढून जावे. पण पेटीचा माथा म्हणजे वरच्या पेटीचा तळ, आणि सगळ्या पेट्या तर एकच. तेव्हा माथ्याची उंची आणि तळाची उंची सारखीच असली पाहिजे! ज्या घरात वरचा मजला म्हणजेच तळमजला आहे, तेथे पायऱ्या चढून गेलेल्या माणसाला परत खाली आणावयाचे कसे? उपाय एकच: सगळ्या घराची जमीनच उतरती करावयाची. संगणकाने निमूटपणे तेच केले. त्याने सबंध पेटीत एक कृत्रिम उतार, म्हणजे विद्युत्‌क्षेत्र, निर्माण केले. त्या उतारावर आमचे दूरचे रेणू कलले होते. घर जितके उंच, तितका तोच उतार लांबवर वाटला जातो आणि सौम्य होतो. म्हणून पोकळी वाढविली की कल कमी होई.

या दोषाची दुरुस्ती इन-चुल ये आणि मॅक्स बर्कोविट्झ या दोघांनी १९९९ सालीच छापून ठेवली होती. थराच्या एकूण विद्युत्‌-कलाइतकी उलटी ओढ गणितात घालावयाची, म्हणजे जमीन पुन्हा सपाट होते. आमच्या गणितात ती एक खूण करावयाची राहून गेली होती. खूण केली, पत्र्याजवळची शिस्त राहिली, दूरची नाहीशी झाली. लेख मी परत मागविला. त्या मुलीचा प्रबंध वर्षभर लांबला. स्वतःच्याच प्रबंधाच्या पायावर तिने घण घातला होता, आणि तसे करताना तिला मी मदत तर सोडाच, उत्तेजनही दिले नव्हते. ही गोष्ट मी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतो. आज ती आपणांस सांगितली.

आता हा एकच दोष आहे असे समजू नका. आणखी तीन थोडक्यात सांगतो.

पहिला ओढीच्या मर्यादेचा. रेणूंमधील जी साधी, भारविरहित ओढ असते ती अंतराबरोबर झपाट्याने घटते; म्हणून वेळ वाचविण्यासाठी एका नॅनोमीटरच्या आसपास ती तोडून टाकण्याची वहिवाट आहे. शिवाय पेटीच्या निम्म्या बाजूपलीकडे रेणूला सहसा पाहू देत नाहीत. नाहीतर तो आपल्या शेजाऱ्याला दोनदा मोजू लागतो. पाण्याच्या पोटात हे चालून जाते. रस्सीखेचीत दोन्हीकडचे शेवटचे चार-चार गडी सोडून गेले, तर दोर हलत नाही. पण पृष्ठावरच्या रेणूला खालूनच ओढणारे आहेत, वर कोणी नाही. तेथे शेवटचे चार गडी गेले की ओढ उणावते. परिणामी द्रवाचा पृष्ठताण खऱ्यापेक्षा कमी भरतो. तोडलेल्या ओढीचा हिशेब वेगळा करून मिळवावा लागतो, किंवा तिचीही एवाल्डच्या रीतीने पुरी बेरीज करावी लागते.

दुसरा दोष रुंदीचा. आपल्या विहिरीत दगड टाकला तर तरंग उठतो, पण समुद्राची लाट विहिरीत उठत नाही, कारण ती मावतच नाही. पाण्याचा पृष्ठभाग वरून शांत दिसला तरी रेणूंच्या धडपडीने त्यावर सतत लहानमोठ्या लाटा असतात. पेटीच्या रुंदीहून लांब लाट पेटीत असूच शकत नाही. म्हणून लहान पेटीतील पृष्ठभाग खऱ्याहून अधिक सपाट आणि त्याचा पट्टा अधिक पातळ दिसतो. पेटी रुंद करीत गेले की तो हळूहळू जाड होत जातो. फार लहान पेटीत याहूनही चमत्कारिक प्रकार होतो. मेक्सिकोतील होसे आलेहान्द्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली दाखविले की पेटीची रुंदी थोडी थोडी वाढवीत गेले तर पृष्ठताणाचे उत्तर एकदा वर, एकदा खाली असे हेलकावत जाते, आणि पेटी पुरेशी रुंद झाली म्हणजेच स्थिरावते. द्रवाला स्वतःच्या रेणूच्या मापाची एक लय असते. ती लय पेटीच्या मापात बसते की नाही, यावर ते हेलकावे अवलंबून असतात.

तिसरा दोष गतीचा. गर्दीत एक माणूस पुढे सरकला की भोवतालची माणसेही थोडी ओढली जातात. रेणूचेही तसेच. पण आवर्ती पेटीत त्याने ढवळलेले पाणी उजवीकडून जाऊन डावीकडून परत येते आणि त्याच्याच वाटेत आडवे येते. ५१२ रेणूंच्या, सुमारे अडीच नॅनोमीटर बाजूच्या पेटीत पाण्याच्या रेणूंचा भटकण्याचा वेग या कारणाने ढोबळमानाने १२ टक्के कमी भरतो. येथे मात्र दोष नियमबद्ध आहे; पेटीची बाजू दुप्पट केली की तो निम्मा होतो, आणि ये व गेरहार्ड हुमर यांनी २००४ साली त्याची दुरुस्ती सूत्रात बांधून दिली. परंतु पेशीच्या पापुद्र्यात पुन्हा घोटाळा होतो. पापुद्रा सपाट; त्यातले रेणू एकाच पातळीत फिरतात. फ्योगेले आणि हुमर यांनी २०१६ साली दाखविले की उंची तीच ठेवून पेटी रुंद करीत गेले, तर त्या रेणूंचा वेग स्थिरावतच नाही. मंदगतीने वाढतच राहतो. तेव्हा 'पेटी मोठी करा म्हणजे झाले' हा सल्लाही सर्वत्र लागू पडत नाही. कोणत्या दिशेने मोठी करावयाची, याचा विचार लागतो.

इतके ऐकल्यावर आपल्यापैकी कोणी म्हणेल की मग या सगळ्या पेट्या समुद्रात बुडवाव्यात हे बरे. किंवा कोणी उत्साही तरुण म्हणेल की जेथे उत्तर चुकले तेथे पेटीच दोषी. या दुसऱ्या घाईबद्दलही एक गोष्ट सांगतो. ती अलीकडची आहे आणि मोठ्या माणसांची आहे.

आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. प्राणवायू नसताना त्याचा एक आकार असतो, प्राणवायू घेतल्यावर दुसरा. संगणकातील अनुकरणांत पहिला आकार, जो टिकावयास हवा, तो आपोआप मोडून दुसऱ्याकडे जात असे. २०१३ च्या रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी मार्टिन कार्प्लुस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली असा निष्कर्ष छापला की दोष पेटीच्या आकाराचा आहे. साडेसात, नऊ आणि बारा नॅनोमीटर बाजूच्या पेट्यांत तो आकार मोडला. पंधरा नॅनोमीटरच्या पेटीत टिकला. हिमोग्लोबिन आणि पाणी यांच्या सीमेवरचे पाणी नीट वागण्यासाठी भोवती पुष्कळ पाणी हवे, असे त्यांनी कारण दिले. पुष्कळांना ते पटले. मलाही पटले, कारण ते माझ्या अनुभवाशी जुळत होते. पण पुढच्याच वर्षी व्हितौतास गाप्सिस आणि बेर्ट डे ग्रोट या दोघांनी विचारले की प्रत्येक पेटीत आपण किती वेळा खेळ मांडून पाहिला? एकेकदाच! नाणे एकदा उडवून ते खोटे आहे असे कसे म्हणावे? त्यांनी प्रत्येक आकाराच्या पेटीत तोच खेळ अनेकवार मांडला. लहान पेटीत काही वेळा आकार टिकला, काही वेळा मोडला. मोठ्या पेटीतही तसेच. पेटीच्या मापाशी त्याचा ठाम संबंध त्यांना दिसला नाही. मूळ लेखकांनी त्याला उत्तरही दिले. ज्याला या वादात रस असेल त्याने दोन्ही बाजू वाचाव्यात. मला त्यातून घ्यावयाचा धडा एवढाच आहे की पेटीवर आरोप ठेवावयाचा, तर पुरावाही तितकाच सज्जड हवा.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो की चुकीची घरे तीन आहेत, आणि त्यांची दारे वेगळी आहेत. पहिले घर नियमांचे. आपण रेणूंना जे ओढीचे नियम दिले तेच उणे असतील. पाण्याचा पृष्ठताण २५ अंशांना प्रत्यक्ष मोजला तर सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर भरतो. 'टिप-थ्री-पी' नावाच्या लोकप्रिय नियमावलीने तो ५२ च्या आसपास येतो, 'टिप-फोर-पी २००५' या नियमावलीने ६९ च्या आसपास. पहिल्या नियमावलीचे उणेपण केवढीही पेटी घेऊन भरून निघणार नाही. दुसरे घर पेटीचे. त्याबद्दल आज बोललो. तिसरे घर योगायोगाचे. एकदाच पाहून ठरविल्याचे. चूक कोणत्या घरात आहे हे ओळखण्याची कसोटी मात्र साधी आहे. नियम तेच ठेवून पेटी बदला. पेटी तीच ठेवून खेळ पुन्हा पुन्हा मांडा. पेटी बदलल्याने जे उत्तर बदलते, आणि पुन्हा पुन्हा तसेच बदलते, ते उत्तर पेटीचे. जे बदलत नाही, ते निसर्गाचे असण्याचा संभव आहे. 'संभव आहे' एवढेच म्हणतो. त्याहून अधिक म्हणण्याचा अधिकार प्रयोगशाळेतल्या प्रत्यक्ष मोजणीचा.

ही कसोटी कोणाला ठाऊक नसते असे नाही. ती टाळली जाते ती खर्चामुळे आणि घाईमुळे. पेटीची बाजू दुप्पट केली की रेणू आठपट होतात आणि यंत्राचा वेळ निदान तितका वाढतो. लेख लवकर छापावयाचा असतो, अनुदानाची मुदत संपत आलेली असते, आणि उत्तर तर सुंदर आलेले असते! आता तर यात एक नवी गोष्ट आली आहे. रेणूंमधील ओढीचे नियम यंत्राने स्वतःच उदाहरणांवरून शिकावेत, असे प्रयत्न सध्या जोरात आहेत आणि त्यांचे फळही चांगले दिसते. पण ही उदाहरणे बहुधा फार लहान पेट्यांतली असतात, आणि अशा पुष्कळ पद्धती रेणूच्या जवळचा परिसर तेवढा पाहतात. आंतरपृष्ठावर दूरची ओढ किती महत्त्वाची असते ते आपण पाहिले. लहान पेटीत शिकलेले यंत्र मोठ्या पेटीत नेले, तर ते दूरचे काय ते जाणत नाही. आणि आपण जाणत नाही हेही ते आपणहून सांगेलच असे नाही. तेव्हा पोकळी वाढवून पाहणाऱ्या माणसाची गरज संपली आहे असे कोणी समजू नये.

माझ्या त्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले, असे आपण मनात विचारीत असाल. तिचा प्रबंध पुरा झाला. मूळच्या मुख्य प्रकरणाच्या जागी तिने पेटीच्या उंचीचे प्रकरण लिहिले. त्यात चमत्कार काही नव्हता. एक कोष्टक होते, चार उंच्या होत्या आणि त्यापुढे चार उत्तरे होती. परीक्षकांनी सर्वांत अधिक वेळ त्याच पानावर घालविला. आज ती स्वतः शिकविते. मागे तिची भेट झाली तेव्हा तिच्या एका विद्यार्थ्याने तिला असाच एक अडचणीचा प्रश्न विचारल्याचे तिने सांगितले. मी विचारले, "मग तू काय केलेस?" ती म्हणाली, "आधी थोडा राग आला, सर. मग यंत्राचा वेळ दिला."

यापेक्षा अधिक मला सांगावयाचे नाही. गणितात सोयीसाठी भिंती काढाव्या लागतात, आणि त्या काढल्यावाचून आमचे पाऊलही पुढे पडत नाही. फक्त काढलेली भिंत कोठे होती हे विसरू नये, आणि अधूनमधून तेथे हात लावून पाहावा.  आता हे पाणी मी पितो. याच्याभोवती दुसरी पेटी नाही, याची माझी खात्री आहे.